स्टारबोर्डातला बोर्ड कुठला? (जुन्या इंग्रजीतल्या होड्या, जहाजं आणि फळ्या)

खाडीपलीकडे

भाचा मर्चंट नेव्हीच्या परीक्षेची तयारी करतोय. परवा घरी आला होता. पोर्ट म्हणजे डावीकडे, लाल दिवा. स्टारबोर्ड म्हणजे उजवीकडे, हिरवा दिवा, असं घोकत बसला होता. मध्येच म्हणाला, "मावशी, स्टारबोर्डात स्टार कशाला? तारे काय उजवीकडेच असतात?" मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे घरातल्यांच्या मते इंग्रजी भाषेत जे काही घडलं त्याला मीच जबाबदार. सांगते म्हटलं, आणि पुढचे आठ दिवस त्यातच गेले. सापडलं ते इथे टाकतेय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

ताऱ्याचा काही संबंध नाही. शब्द हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला, उच्चार साधारण 'स्तेओरबोर्ड'. स्तेओर म्हणजे वळवणं, हाकणं. आजचं 'स्टिअरिंग' त्याच घरातलं. त्या काळच्या जहाजांना मागच्या टोकाला मधोमध बसवलेलं सुकाणू नसे. रुंद पात्याचं एक मोठं वल्हं मागच्या भागात उजव्या अंगाला बांधलेलं असे आणि एक माणूस ते धरून जहाज वळवी. उजव्या अंगाला, कारण बहुतेक माणसं उजव्या हाताची. म्हणून ती हाकायची बाजू.

मग डावी? सुकाणूवाला त्या वल्ह्याकडे वळून उभा राहणार, म्हणजे डावी बाजू त्याच्या पाठीमागे. म्हणून तिचं नाव 'बॅकबोर्ड', पाठीची बाजू. डच, जर्मन आणि फ्रेंच मंडळींनी हा शब्द आपापल्या रूपात आजही सांभाळलाय, इंग्रजांनी हरवला. त्यांच्याकडे पुढे 'लाडेबोर्ड' आला, माल चढवायची बाजू. उजवी बाजू धक्क्याला लावली तर वल्हं चिरडणार, म्हणून जहाज डाव्या अंगाने धक्क्याला लागायचं. लाडेबोर्डचं स्टारबोर्डशी यमक जुळवत 'लारबोर्ड' झालं आणि तिथेच घोळ झाला. भर वादळात ओरडून हुकूम द्यायचा आणि दोन्ही बाजूंची नावं कानाला जुळ्या बहिणींसारखी! अखेर १८४४ साली ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड बंद करून 'पोर्ट' म्हणायचा हुकूम काढला. अमेरिकन नौदलाने दोन वर्षांनी तेच केलं.

इथवर भाच्याचं समाधान झालं. माझं नाही झालं, कारण स्टार सुटला तरी बोर्ड उरलाच. बोर्ड म्हणजे फळी ना? मग ती 'बाजू' कशी झाली?

तर जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' हा भलताच कामसू शब्द आहे. फळी म्हणजे बोर्ड, जहाजाची कड म्हणजे बोर्ड, जेवणाचं टेबल म्हणजे बोर्ड आणि ढाल म्हणजेही बोर्ड. मुळात हे दोन शब्द होते, एक फळीचा आणि एक कडेचा, आणि फार पूर्वीच ते एकमेकांत मिसळून गेले. 'ओव्हरबोर्ड' म्हणजे कडेवरून पाण्यात, 'अबोर्ड' म्हणजे कडेच्या आत. विमानतळावर बोर्डिंग पास घेतो तेव्हा शब्दाने आपण होडीतच चढत असतो.

ढालीचं तर मला फार आवडलं. ९९१ साली माल्डनला व्हायकिंगांशी लढाई झाली, तिच्यावर एक जुनी कविता आहे. तिच्यात ब्यर्टनॉथ नावाचा सरदार शत्रूच्या दूताला उत्तर द्यायला उभा राहतो तेव्हा कवी म्हणतो की तो बोलला आणि त्याने आपला 'बोर्ड' उंचावला. वर्गात हे सांगितलं तर पोरांना तो फळा उचलून धरलेला दिसेल.

आता प्रश्न. फळीपासून निघून इतक्या गावांना जाऊन आलेला एखादा शब्द मराठीत आहे का?

मालवणी_मासा

वाचनखूण साठवली. होडी म्हणजे शेवटी फळ्याच ओ ताई, बाकी सगळं वारा.

डेकवरचा_दादा

एकतीस वर्षं बोटीवर काढली, हजारो वेळा स्टारबोर्ड म्हणालो असेन, कधी डोक्यात आलं नाही. भाच्याला शुभेच्छा सांगा. आणि हेही सांगा की ज्याला तिकडे बोसन म्हणतात, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तो लिहिताना भलताच लांबलचक असतो. त्यात 'बोट' आहे आणि 'स्वेन' आहे. स्वेन म्हणजे पोऱ्या, हाताखालचा गडी. हा अर्धा शब्द व्हायकिंगांच्या भाषेतला. म्हणजे बोसन हा मुळात बोटीवरचा पोऱ्या. आमच्या बोसनला हे सांगितलं असतं तर मला समुद्रात टाकलं असतं.

आपल्या खलाशांमध्ये त्याच माणसाला सारंग म्हणतात. तो शब्द फारसी, अर्थ सरदार. तिकडे पोऱ्या, इकडे सरदार, काम तेच.

बोरीबंदरकर

स्टारबोर्डचा विषय निघालाच आहे तर 'पॉश' कसं विसरलात? विलायतेहून मुंबईला येताना पोर्टच्या बाजूची केबिन, परत जाताना स्टारबोर्डची. सूर्य दक्षिणेकडे, म्हणून येताना डावी बाजू गार आणि जाताना उजवी. श्रीमंत साहेब लोक तसं तिकीट काढायचे, त्यावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची चार आद्याक्षरं छापलेली असायची, त्यातून पॉश.

शंकेखोर

आलोच. ही गोष्ट सगळ्यांना आवडते आणि हिला काडीचा पुरावा नाही. त्या बोटी चालवणाऱ्या पी अँड ओ कंपनीचं तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कोणी दाखवलेलं नाही. सूर्य आणि सावलीचं गणित बरोबर आहे, पण त्यातून शब्द जन्मला हे नाही. आद्याक्षरांतून शब्द बनल्याच्या बहुतेक गोष्टी मागाहून रचलेल्या असतात.

बोरीबंदरकर

आमच्या आजोबांनी सांगितलेलं एक तरी खरं राहू द्या हो.

खाडीपलीकडे

बोरीबंदरकर, दादा, दोघांचे आभार. 'बोट'वरून आठवलं.

जुन्या इंग्रजीत बोट 'बाट' होती. दीर्घ आ. तो आ पुढे सरसकट ओकडे झुकला: राप चा रोप, आक चा ओक, स्तान चा स्टोन, हाम चा होम, बाट ची बोट. एकदा ही किल्ली हातात आली की निम्मे शब्द आपोआप उघडतात. 'शिप' मात्र हजार वर्षांत जवळपास तसंच राहिलं. लिहायचे वेगळं, पण तेव्हाही उच्चार शिपच.

जहाजाला आणखी एक शब्द होता, 'चेओल'. सहाव्या शतकात गिल्डास नावाच्या ब्रिटनमधल्या साधूने लॅटिनमध्ये लिहिलंय की सॅक्सन लोक तीन जहाजांतून आले, आणि ते लोक त्यांच्या भाषेत जहाजाला काय म्हणतात तेही त्याने टिपून ठेवलंय. तो हाच शब्द. म्हणजे इंग्रजी भाषेतला कागदावर उतरलेला अगदी पहिल्यापैकी शब्द जहाजाचा, आणि तोही शत्रूने लिहून ठेवलेला!

डेन लोकांच्या, म्हणजे व्हायकिंगांच्या, जहाजांना 'आश' म्हणत. ॲश नावाचं झाड असतं ना, तेच नाव. नवव्या शतकाच्या अखेरीस अल्फ्रेड राजाने या आशांना तोंड द्यायला लांब जहाजं बांधली, शत्रूच्या जवळजवळ दुप्पट लांबीची; काहींना साठ वल्ही, काहींना त्याहून जास्त. बखरकार मुद्दाम नोंदवतो की ती डेन घाटाचीही नव्हती आणि फ्रिसियन घाटाचीही नव्हती, राजाला जशी सोयीची वाटली तशी होती. पहिल्याच झुंजीत त्यातली काही गाळात रुतली ते सोडा.

कवींचं वेगळंच. त्यांना साधं 'जहाज' म्हणवतच नाही. समुद्राचं लाकूड, लाटेचा घोडा, समुद्रघोडा. आणि समुद्र म्हणजे हंसांची वाट, देवमाशांची वाट. ओक वृक्षावरचं एक जुनं कडवं आहे, त्यात म्हटलंय की ओक गॅनेट पक्ष्याच्या न्हाणीघरावरून, म्हणजे समुद्रावरून, वारंवार जातो आणि समुद्र त्याची परीक्षा घेतो, ओकाची निष्ठा किती खानदानी ते पाहतो. यात श्लेष आहे. 'त्रेओ' म्हणजे निष्ठा आणि 'त्रेओ' म्हणजेच लाकूड. आपल्या पंडित कवींनी टाळी दिली असती.

ओस्लोवासी

ताई, हरवलेला तो बॅकबोर्ड आमच्या फेरीवर रोज ऐकू येतो! नॉर्वेजियनमध्ये स्तीरबोर्ड आणि बाबोर्ड. आणि 'बोर' म्हणजे इथे आजही टेबलच. हॉटेलात बोर राखून ठेवतात.

गोकस्ताडचं व्हायकिंग जहाज मी पाहिलंय. इथलं संग्रहालय सध्या बंद आहे, त्याआधी बघून घेतलं. १८८० साली मातीच्या ढिगाऱ्याखाली सापडलं, नवव्या शतकाच्या अखेरचं, सुमारे २३ मीटर लांब. सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला, पुस्तकात लिहिलंय तस्सं. ते एका लाकडी गोळ्यावर टेकवून बांधलेलं असतं, त्यामुळे एका माणसाला पेलतं. दोन्ही बाजूंना मिळून ३२ वल्ही आणि ६४ ढाली. ढाली कडेला बाहेरून ओळीने लावलेल्या, एक काळी एक पिवळी अशा. म्हणजे तुमच्या हिशेबाने बोर्डावर बोर्ड.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. म्हणाली, बाबा, याला एवढी झाकणं का लावलीत?

पोथीवाला

प्रश्न विचारून ताई भलत्याच विषयांवर गेल्या. उत्तर आमच्याकडे आहे: फलक.

संस्कृतात फलक म्हणजे फळी. फलक म्हणजे ढालसुद्धा. अमरकोशात शस्त्रांच्या यादीत 'फलकोऽस्त्री फलं चर्म' अशी ढालीची नावं दिली आहेत. चर्म म्हणजे कातड्याची, फलक म्हणजे फळीची. मराठीत तोच फळा झाला, फळी झाली आणि तत्सम रूपात दुकानावरचा नामफलक झाला. आणि नामफलकाला आपण आज काय म्हणतो? बोर्ड.

खाडीपलीकडे

पोथीवाले, हे वाचून खुर्चीतून उठले.

गडवाट

थांबा, अजून आहे. फळी म्हणजे सैन्याची रांगसुद्धा. 'शत्रूची फळी फोडली' हे इतिहासाच्या पुस्तकात शंभरदा वाचलंय. आघाडीची फळी, पिछाडीची फळी. आता ती फक्त क्रिकेटात उरली, मधली फळी कोसळली वगैरे. ढाली एकमेकींना भिडवून माणसं उभी राहिली की लांबून फळ्यांचं कुंपणच दिसत असणार.

खाडीपलीकडे

गडवाट, आता तुम्ही बसा, मी सांगते.

९३७ साली ब्रुनानबुर्हची लढाई झाली. तिच्यावरची कविता इंग्लंडच्या जुन्या बखरीत त्या वर्षाच्या नोंदीच्या जागी घातली आहे. सुरुवातीलाच राजा आणि त्याचा भाऊ काय करतात? 'बोर्डवेआल क्लुफान'. बोर्डवेआल म्हणजे बोर्डांची भिंत, एकमेकींना भिडवलेल्या ढालींची रांग. क्लुफान म्हणजे चिरली, फोडली.

फळी फोडली!

इतकी वर्षं मी याचं भाषांतर 'ढालींची तटबंदी छेदली' असं काहीतरी करून सांगत होते. तयार शब्द घरात असताना. इंग्रजी शिकवता शिकवता आपल्याच भाषेकडे पाठ होते म्हणतात ते असं. बॅकबोर्ड!

शंकेखोर

सगळे नाचून झाले असतील तर एक काडी टाकतो.

फलक आणि बोर्ड यांचं नातं नाही. दोघांचं मूळ वेगळं. फळीला भाषेने ज्या ज्या कामाला लावलं ती कामं दोन्हीकडे तीच निघाली, एवढंच. फळीने माणूस अंग झाकणार, फळीवर लिहिणार, फळीवर जेवणार. याला एक मूळ कशाला लागतं? हे आत्ताच म्हणतोय, कारण तीन प्रतिसादांत कोणीतरी 'म्हणजे इंग्रजी संस्कृतातून आली' असं लिहिणार आहे.

बोरीबंदरकर

मी लिहायलाच घेतलं होतं. खोडलं.

मावशी_दादरच्या

शंकेखोर म्हणतात ते जेवणाचं कोणी पुरं केलंच नाही. बायकांचा प्रांत म्हणून असेल.

आमच्या लहानपणी पंगत बसायची वेळ झाली की आतून हाक यायची, "पाटपाणी घ्या!" पाट म्हणजे बसायची फळी. पाट मांडले, पाणी ठेवलं की जेवण आलंच. तुमच्या त्या 'बोर्डिंग-लॉजिंग'मधला बोर्ड म्हणजे आमचं पाटपाणीच की! गिरगावात खाणावळीच्या पाटीवर बोर्डिंग लिहिलेलं असायचं, मला वाटायचं इथे शाळेचे फळे मिळतात.

खाडीपलीकडे

मावशी, अगदी तेच. मधल्या काळात इंग्लंडात जेवणाचं टेबल कायमचं नसे. लाकडी घोडे मांडून त्यांवर लांब फळ्या टाकायच्या, जेवण झालं की काढून भिंतीला लावायच्या. म्हणून जेवण म्हणजेच बोर्ड. पैसे देऊन जेवायला राहणारा तो बोर्डर. त्याच टेबलाभोवती बसून कारभार करणारे ते संचालकांचं बोर्ड, आणि आपल्या आजोबांच्या वेळचं लोकल बोर्डही. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर असले की 'अबव्ह बोर्ड', म्हणजे लबाडी नाही.

आणि 'कबर्ड' म्हणजे मुळात कप ठेवायची फळी. दारं नंतर आली.

पोथीवाला

आमच्याकडे उलटं झालं. कपाट म्हणजे मुळात दाराची फळी, दाराचं पान. हिंदीत आजही देवळाचे कपाट उघडतात. मराठीत दारामागे अख्खं कपाट उभं राहिलं. तिकडे फळीला दारं आली, इकडे दाराला फळ्या.

गडवाट

हे वाक्य मी चोरणार.

शंकेखोर

आता मी नातं नाही म्हणालो म्हणून कोणी रुसू नये. खरी नाती आहेत, फक्त ती आवाजावरून ओळखू येत नाहीत. जी ओळखू येतात ती बहुतेक खोटी असतात. चार देतो.

एक. इंग्रजी 'रडर' म्हणजे सुकाणू. जुनं रूप 'रोथोर', आणि तेव्हा अर्थ वळवायचं वल्हं. संस्कृतात वल्ह्याला 'अरित्र'. धातू तोच, वल्हवण्याचा. आणि नुसता धातूच नाही, शेपूटही तेच: नेत्र, वस्त्र, पात्र यांतला साधन दाखवणारा 'त्र' आणि रोथोरमधला 'थोर' सख्खे. मजा म्हणजे अरित्राशी मिळताजुळता वाटणारा 'ओअर' यात येत नाही.

दोन. 'ट्री' आणि दारु. देवदारातला दारु, प्यायची नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ झाड आणि लाकूड दोन्ही. होडीच्या फटींना फासायचं डांबर, म्हणजे 'टार', तेही याच घरातलं, कारण ते झाडातून निघायचं.

तीन. 'ट्रफ', म्हणजे गुरांना पाणी पाजायची लाकडी डोण. तो शब्द आणि संस्कृत द्रोण, दोन्ही त्याच लाकडाच्या मुळातून. जुन्या इंग्रजीत खोड कोरून केलेल्या होडीला 'ट्रोख-शिप' म्हणत. आणि आपण कोरलेल्या होडीला डोण, डोणी म्हणतो. इथे नाचायला माझी हरकत नाही.

चार. 'डेक'. हा जुन्या इंग्रजीतला नाही, डचांकडून आला, आणि त्याचा मूळ अर्थ जमीन नव्हे, झाकण, आच्छादन. इंग्रजीत त्याचा सख्खा भाऊ म्हणजे 'थॅच', घरावरचं गवती छप्पर. संस्कृतात याच मुळाचा धातू 'स्थग्', झाकणे. त्याचं मराठीत उरलेलं रूप: स्थगित.

डेकवरचा_दादा

म्हणजे एकतीस वर्षं मी स्थगितावर उभा होतो. घरचे हेच म्हणत होते.

निमिष

वल्ह्याने जहाज वळवणं इतिहासजमा झालं असं समजू नका. मे २०२५ मध्ये कारवारला आपल्या नौदलात आय.एन.एस.व्ही. कौंडिण्य दाखल झालं. फळ्यांना खिळे नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. बांधलं गोव्यात, केरळच्या कारागिरांनी, आणि नमुना अजिंठ्याच्या चित्रातलं पाचव्या शतकातलं जहाज. त्याला सुकाणू नाही, मागे वळवायची वल्हीच आहेत.

इंग्रजांची त्या काळची पद्धत उलटी. एक फळी दुसरीवर थोडी चढवायची, कौलांसारखी, आणि लोखंडी रिव्हेट मारायचे. सफोकमध्ये सटन हू इथे १९३९ साली सातव्या शतकातलं जहाज सापडलं, सुमारे २७ मीटरचं. सापडलं म्हणजे काय, लाकूड पार कुजून गेलेलं. वाळूत फक्त फळ्यांचा ठसा आणि रिव्हेटांच्या रांगा जिथल्या तिथे. ठशावरून आख्खं जहाज वाचलं लोकांनी. आपलं शिवलेलं असं गाडलं असतं तर दोरीही गेली असती आणि काहीच हाती लागलं नसतं. आपल्याकडची जुनी जहाजं चित्रांत का शोधावी लागतात याचं एक कारण हेही असेल.

लंडनकर_गोडबोले_नव्हे

एक छोटीशी भर. जुन्या इंग्रजीत होड्या लावायच्या जागेला 'हीथ' म्हणत. तो शब्द आता बोलण्यात नाही, पण आमच्या नदीकाठाने सगळीकडे लपून बसलाय. रॉदरहाइथमध्ये सरळ दिसतो. लॅम्बेथ म्हणजे कोकरं उतरवायचा धक्का, चेल्सी म्हणजे बहुधा खडूचा धक्का, पटनी म्हणजे पुट्टा नावाच्या कोणाचा तरी धक्का. चेल्सीत घर घेणाऱ्यांना सांगू नका.

बोरीबंदरकर

आमचे भाऊचा धक्का आणि मस्जिद बंदर तरी कुठे वेगळे आहेत? उलट मुंबईच्या साहेबांच्या इंग्रजीत आपलं बंदर 'बंडर' होऊन गेलं.

आणि ओकाचं एवढं कौतुक चाललंय म्हणून सांगतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. आणि सागाला ते म्हणतात 'टीक', तो मल्याळम शब्द, पोर्तुगीजांच्या खांद्यावरून गेलेला. याला पुरावा आहे, शंकेखोर.

शंकेखोर

आहे. मान्य.

मालवणी_मासा

मी ह्यो सगळो धागो बाबांका वाचून दाखवलंय. त्यांनी एकच विचारल्यानी, पाणी मापतत कशान?

(बाबा होडीवर जातात. आता शहाण्यासारखं लिहितो.) आमच्याकडे खोली वावांत मोजतात. दोन्ही हात आडवे पसरले की एक वाव. दोरी दोन हातांत ताणत जायची आणि मोजायचं. बाबांना मीटरमध्ये सांगितलं तर ते मनात आधी वाव करतात.

खाडीपलीकडे

बाबांनी शेवटचा मोती काढला. इंग्रजीत 'फॅदम'. जुन्या इंग्रजीत 'फॅथ्म' म्हणजे पसरलेले दोन हात, आणि म्हणूनच मिठी. मापाचं सहा फूट नंतर ठरलं. समुद्राच्या, आगीच्या कवेत जाणं यासाठीही कवी हाच शब्द वापरतात. पुढे एखाद्या गोष्टीचा थांग लागणं यालाही तोच शब्द आला.

पोथीवाला

आणि वाव हा संस्कृत 'व्याम'. पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर. शंकेखोरांनी म्हणायच्या आत म्हणतो: फॅदम आणि व्याम यांचं नातं नाही, फक्त माणसाला हात दोनच आहेत.

शंकेखोर

शिकलात.

मालवणी_मासा

बाबांना सांगितलं. म्हणाले, "मग त्येंका येवकच व्हया होता इकडे."

ओस्लोवासी

पाच दिवसांनी धागा वर काढतोय, क्षमस्व. होडीत वल्हवणारे ज्या आडव्या फळीवर बसतात तिला जुन्या इंग्रजीत वेगळा शब्द होता का? इथे मुलीच्या शाळेत वल्हवायला शिकवतात. ती ज्या मैत्रिणीशेजारी बसते तिला ती 'माझी फळीवाली' म्हणते. मराठीत.

खाडीपलीकडे

होता! 'थोफ्ते'. पुढे त्याचा उच्चार घसरत घसरत, 'आडवा' या अर्थाच्या दुसऱ्या शब्दात मिसळून, आज 'थ्वॉर्ट' झालाय; कोणत्याही होडीवाल्याला विचारा.

आणि तुमच्या मुलीचा शब्दही होता. 'गेथोफ्ता'. एका फळीवर बसून वल्हवणारा, म्हणजे सोबती. होडीत कधी न बसलेल्या माणसांनाही तो सरसकट लावत असत.

डेकवरचा_दादा

आमच्या बॅचच्या ग्रुपचं नाव आत्ताच बदललं. गेथोफ्ता. तिघांनी विचारलंय ही कुठली बिस्किटं.